थांब म्हटलं की थांबायचं!

सुरू करणं सोप्पं असतं हो, खरी परीक्षा असते ती बंद करताना! जिमची मेंबरशिप घ्या. एखादं क्रेडिट कार्ड घ्या. घेताना एक सही, एक क्लिक, विषय संपला. बंद करायला निघालात की 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' ऐकत अर्धा तास होल्डवर. आपल्या टेकी दोस्तमंडळींच्या दुनियेतही सेम टू सेम. 'डॉकर रन' म्हटलं की कंटेनर सुरू. मग दुसरा, तिसरा, अकरावा... आणि एवढी वरात मागे चालू आहे हे कळतं केव्हा? लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागतो तेव्हा. नाहीतर स्क्रीनवर 'पोर्ट इज ऑलरेडी अ‍ॅलोकेटेड' असा मेसेज झळकतो तेव्हा. म्हणजे तुम्हाला हवी असलेली ८०८० नंबरची खोली आधीच कुणीतरी बळकावून बसलंय. कोण? बहुतेक वेळा तुम्हीच मागच्या मंगळवारी सुरू केलेला आणि साफ विसरलेला कंटेनर!

तर आजचा फंडा हाच. चालू असलेला कंटेनर कमांड लाइनवरून थांबवायचा कसा? 'त्यात काय मोठंसं, एक कमांड तर आहे,' असं म्हणून पान उलटू नका. कमांड एकच आहे, कबूल. पण तुम्ही एंटर दाबल्यावर पुढच्या दहा सेकंदांत आत जे काही घडतं, त्यात एखाद्याच्या धंद्याचे पैसे बुडू शकतात. बुडालेत. ती स्टोरी पुढे येतेय.

एक सूचना. कमांड मी देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत आणि स्मॉल अक्षरांत करा. मी स्वतः मास कॉमवाली. पण कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तिघींपैकी दोघी डेव्हलपर आहेत. त्यामुळे 'अगं, माझा कंटेनर कुणी किल केला?' हे वाक्य आमच्याकडे 'दूध उतू गेलं'इतकंच कॉमन आहे. ऐकून ऐकून शिकले, आणि जे कळलं नाही ते त्यांच्या डोक्यावर बसून शिकले.

डब्याची गोष्ट

नवख्यांसाठी पटकन सांगते. कंटेनर म्हणजे डबा. सॉफ्टवेअर, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सेटिंग्ज, सगळं एका डब्यात भरायचं. मग तो डबा तुमच्या लॅपटॉपवर उघडा नाहीतर ऑफिसच्या सर्व्हरवर, चव तीच. आयडिया सरळ बंदरावरून उचललेली. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन या अमेरिकन ट्रकवाल्याने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर ५८ खोके चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडले आणि गोदीतल्या हमालीचं सगळं गणितच बदललं. न्हावा शेवाला क्रेनखाली एकावर एक रचलेले रंगीबेरंगी खोके दिसतात ना, ते त्यांचेच वंशज. डॉकर या शब्दाचा अर्थच मुळी गोदी कामगार! मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्सने पायकॉन या परिषदेत जेमतेम पाच मिनिटांच्या भाषणात हे टूल पहिल्यांदा लोकांना दाखवलं. तेव्हा त्याच्या कंपनीचं नाव डॉटक्लाउड होतं. त्याच वर्षी ते बदलून डॉकर झालं, यावरून काय ते समजा.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे स्वतंत्र बंगला. स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम, चालू व्हायला वेळ, सगळा थाट. कंटेनर म्हणजे पीजीमधली खोली. दार वेगळं, कुलूप वेगळं, पण पाण्याची टाकी सगळ्यांची मिळून एकच, म्हणजे लिनक्सचं कर्नल. त्यामुळे कंटेनर थांबवणं हे मशीन शटडाउन करण्यासारखं नसतं. आत एक मुख्य प्रोसेस चालू असते, ती संपवायची असते, बस्स. ती संपली की कंटेनर थांबला.

आधी हजेरी!

थांबवायचं कुणाला हे आधी कळायला हवं. त्यासाठी 'डॉकर पीएस'. चालू असलेल्या सगळ्या कंटेनरची यादी समोर येते. कुठल्या इमेजवरून बनला, कधी जन्मला, कुठलं पोर्ट धरून बसलाय, आणि शेवटच्या रकान्यात नाव. थांबलेलेही बघायचे असतील तर पुढे स्पेस, डॅश, ए. हे दुसरं बघाच एकदा. माझ्या एका रूममेटच्या लॅपटॉपवर थांबलेले ४३ कंटेनर निघाले होते! माळ्यावर टाकलेली जुनी सुटकेस उघडल्यासारखा चेहरा झाला होता तिचा.

नावांची तर वेगळीच धमाल आहे. तुम्ही नाव दिलं नाहीत तर डॉकर स्वतःच बारसं उरकून टाकतो. एक विशेषण, मध्ये अंडरस्कोअर, पुढे एखाद्या शास्त्रज्ञाचं नाव. त्या यादीत आपली मंडळीही आहेत बरं का... रामानुजन, रामन, आर्यभट, भास्कर, होमी भाभा, कल्पना चावला, कलामसाहेब, इतकंच काय, पाणिनीसुद्धा! त्यामुळे सकाळी सकाळी स्क्रीनवर 'अँग्री रामानुजन' नाहीतर 'स्लीपी भाभा' दिसले तर दचकू नका. फक्त एक जोडी बनवायला सक्त मनाई आहे, 'बोअरिंग वोझ्नियाक'. डॉकरच्या कोडमध्ये चक्क तशी ओळच लिहून ठेवलीय की ही जोडी जमली तर रद्द करून दुसरी काढ, कारण स्टीव्ह वोझ्नियाक हा माणूस बोअरिंग नाही. याला म्हणतात फॅन!

नाव नको असेल तर पहिल्या रकान्यातला आयडी वापरा. तो १२ अक्षरांचा दिसतो (मूळचा ६४ अक्षरांचा आहे), पण पहिली तीन-चार अक्षरं दिलीत तरी चालतं, फक्त तशीच सुरुवात असलेला दुसरा कुणी नको. तरी माझं मत विचाराल तर, सुरू करतानाच 'डॅश डॅश नेम' लावून स्वतःच्या पसंतीचं नाव द्या. टीममधल्या सहा जणांना रात्री साडेअकराला 'ते एफ-थ्री-नाइनवालं बंद कर रे' सांगत बसण्यापेक्षा 'ऑर्डरवालं बंद कर' हे केव्हाही बरं.

दहा सेकंदांची मुदत

आता मेन पिक्चर. 'डॉकर स्टॉप' आणि पुढे कंटेनरचं नाव. दोन-तीन थांबवायचे असतील तर नावं स्पेस देऊन ओळीने लिहा. एंटर. थोडं थांबून तेच नाव खाली परत छापून येतं. म्हणजे काम झालं.

पण मधल्या त्या 'थोडं थांबून'मध्ये काय होतं? डॉकर आतल्या मुख्य प्रोसेसला एक सिग्नल पाठवतो, सिगटर्म, नंबर १५. याचा अर्थ, 'बाबा रे, आवर आता, निघायचंय.' कार्यालयाची वेळ संपली की मॅनेजर येऊन वरपक्षाच्या कानात जे सांगतो ना, तेच. पंगत उठू दे, आहेराची पाकिटं मोजून घ्या, मग निघा. चांगलं लिहिलेलं सॉफ्टवेअर हा निरोप ऐकतं, नवीन काम घेणं बंद करतं, हातातलं पुरं करतं, डेटाबेसचं कनेक्शन सोडतं आणि शहाण्यासारखं बाहेर पडतं. यासाठी मुदत दहा सेकंद. (विंडोज कंटेनर असेल तर तीस.) तेवढ्यात आवरलं नाही तर दुसरा सिग्नल येतो, सिगकिल, नंबर ९. हा सिग्नल ऐकायचा, टाळायचा, 'एक मिनिट हं' म्हणायचा चान्सच नसतो. तो प्रोसेसच्या कानापर्यंत जातच नाही, कर्नल परस्पर खेळ खल्लास करतं. फाइल अर्धी लिहिलेली? राहू दे. पेमेंट अर्धं झालंय? तुझं तू बघ.

आता ती स्टोरी.

माझ्या एका मित्राचा डब्यांचा व्यवसाय आहे. खरे डबे, पोळी-भाजीचे! बाणेर आणि बालेवाडीच्या ऑफिसांत जातात. स्वयंपाक त्याच्या आईचा, म्हणजे आमच्या काकूंचा, आणि ऑर्डरची वेबसाइट त्याने स्वतः बसवलेली, अर्थातच कंटेनरमध्ये. पोरगा हौशी. दिवसातून चार-पाच वेळा साइटमध्ये काहीतरी बदल करणार. बदल करायचा म्हणजे जुना कंटेनर थांबवायचा आणि नवीन सुरू करायचा. बहुतेकदा मुहूर्त सकाळी साडेदहाचा, आणि नेमक्या त्याच वेळी लोक जेवणाची ऑर्डर देतात.

मग काकूंना फोन यायला लागले. 'अहो, पैसे कट झाले, डबा कुठाय?' आठवड्यातून एखादा, कधी दोन. यादीत बघावं तर ऑर्डरच नाही. बँकेत बघावं तर पैसे आलेले. काकू बिचाऱ्या प्रत्येकाला सॉरी म्हणून दुसऱ्या दिवशी फुकट डबा पाठवायच्या, वर एक गुलाबजाम जास्त. मित्र पेमेंटवाल्या कंपनीला ई-मेलवर ई-मेल करत सुटला. दीड महिना. दोन रेग्युलर गिऱ्हाइकं तुटली, आणि त्यातलं एक बारा जणांचं ऑफिस होतं.

घोटाळा होता त्या दहा सेकंदांत. त्याची साइट पहिला निरोप ऐकतच नव्हती. ऐकलाच नाही म्हटल्यावर ती नव्या ऑर्डरी घेत राहायची, अगदी निवांत. पाचव्या सेकंदाला आलेली ऑर्डर पुरी व्हायची. साडेनवव्या सेकंदाला आलेल्या माणसाचे पैसे जायचे आणि त्याचं नाव वहीत लिहायच्या आत दहावा सेकंद! लाइट गेले. गंमत म्हणजे मित्राला एवढं माहीत होतं की 'स्टॉप'ला नेहमी बरोब्बर दहा सेकंद लागतात. त्याला वाटायचं, इंटरनेट स्लो आहे.

निरोप पोचत का नाही?

हा प्रॉब्लेम फक्त त्याचा नाही, घरोघरी मातीच्या चुली आहेत. म्हणून जरा खोलात जाऊ. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला नंबर असतो. पहिली प्रोसेस, नंबर एक, ही घरातली कर्ती व्यक्ती. बाकीच्या सगळ्या तिच्या जिवावर. म्हणून कर्नल तिला एक स्पेशल संरक्षण देतं. एखाद्या सिग्नलचं काय करायचं हे तिने स्वतः आधी सांगून ठेवलं नसेल, तर तो सिग्नल तिच्यापर्यंत येऊच द्यायचा नाही. साध्या प्रोसेसला सिगटर्म आला आणि तिने काही ठरवलेलं नसेल तर ती आपोआप संपते. एक नंबरवाली मात्र ढिम्म.

आणि कंटेनरच्या आत तुमचं अ‍ॅप्लिकेशन कितव्या नंबरवर असतं? बरोबर... एक! बाहेर त्याला भले हजारातला कुठलाही नंबर असो, आत तो राजा. म्हणजे पायथॉन किंवा नोडमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्या लॅपटॉपवर सरळ चालवला तर सिगटर्मने गप संपेल. तोच कंटेनरमध्ये टाकला की बहिरा.

विश्वास नाही? घरी करून बघा, पाच मिनिटांचा खेळ आहे. अल्पाइन नावाची एकदम छोटी इमेज घ्यायची आणि तिला झोपायला सांगायचं. 'डॉकर रन डॅश डी डॅश डॅश नेम कुंभकर्ण अल्पाइन स्लीप १०००'. आता 'डॉकर स्टॉप कुंभकर्ण' म्हणा आणि घड्याळ बघा. दहा सेकंद आणि वर थोडे. तो उठलेला नाही, त्याला उचलून बाहेर टाकलंय. आता 'डॉकर आरएम कुंभकर्ण' करून त्याला काढून टाका आणि पहिलीच कमांड परत द्या, फक्त 'रन'नंतर 'डॅश डॅश इनिट' घाला. पुन्हा स्टॉप. या वेळी झटक्यात!

फरक काय पडला? या 'इनिट'मुळे एक नंबरच्या खुर्चीत टिनी नावाचा चिमुकला प्रोग्रॅम बसतो (टिनीची इंग्रजी अक्षरं उलटी वाचली की इनिट, काय डोकं आहे!) आणि तुमचा प्रोग्रॅम त्याच्या हाताखाली जातो. टिनी सगळे निरोप इमानदारीत पुढे पोचवतो. २०१७ पासून ही सोय डॉकरमध्येच मिळते, वेगळं काही बसवावं लागत नाही.

दुसरा घोळ होतो डॉकरफाइलमध्ये. शेवटच्या सीएमडीच्या ओळीत कमांड दोन पद्धतींनी लिहिता येते. नुसती वाक्यासारखी लिहिली तर डॉकर आधी एक शेल उघडतो आणि शेल तुमचा प्रोग्रॅम चालवतं. मग एक नंबरला बसतं शेल, आणि बऱ्याचदा ते निरोप पुढे देतच नाही. सोसायटीच्या वॉचमनसारखं, पत्र त्याच्याच टेबलावर. चौकोनी कंसात, प्रत्येक शब्द अवतरणात घालून लिहिली तर शेल मधून कटाप, प्रोग्रॅम थेट समोर. माझ्या डब्यावाल्या मित्राच्या बाबतीत हे दोन्ही घोळ एकदम होते. शेल मध्ये, आणि प्रोग्रॅममध्येही सिगटर्म आला तर काय करायचं याची एक ओळ नाही. त्याने चौकोनी कंस घातले. प्रोग्रॅममध्ये 'निरोप आला की नवी ऑर्डर घेऊ नकोस, चालू आहे ती लिहून काढ, मग जा' एवढं लिहिलं. पंधरा-वीस ओळींचं काम. आणि काकूंच्या आग्रहाखातर साडेदहाचा मुहूर्त दुपारी चारवर नेला, जो माझ्या मते सगळ्यात भारी बदल होता.

मुदत वाढवूनही मिळते. 'डॉकर स्टॉप'नंतर 'डॅश टी ६०' लिहा, मिनिटभर थांबेल. उणे एक लिहिलं तर तो निघेपर्यंत थांबेल, कितीही वेळ. पण बहिऱ्या कंटेनरला मुदत वाढवून काय उपयोग? मिनिटभर ताटकळत बसाल आणि शेवटी नऊ नंबरच.

डेटाबेसवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. प्रत्येकाला १५ नंबरचा निरोप मानवतोच असं नाही. पोस्टग्रेसला सिगटर्म दिला तर तो अति सभ्य वागतो, नवीन कनेक्शन घेत नाही पण जे बसलेत ते स्वतःहून उठेपर्यंत वाट बघतो. कुणी दिवसभर बसला तर दिवसभर. म्हणून पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये थांबवायचा सिग्नलच बदलून सिगइंट केलाय, त्यात तो बसलेल्यांना उठवतो आणि नीट बंद होतो. एन्जिनएक्सची गोष्ट उलटी. त्याला सिगटर्म म्हणजे 'ताबडतोब नीघ', म्हणून त्याच्या इमेजमध्ये सिगक्विट आहे, हातातल्या विनंत्या पुऱ्या करून निघायचा. डॉकरफाइलमध्ये 'स्टॉपसिग्नल' ही ओळ असते ती याचसाठी.

आणि 'किल'?

'डॉकर किल' नावाची कमांड ऐकायला एकदम फिल्मी, आणि वागायलाही तशीच. मुदत-बिदत भानगड नाही, थेट नऊ नंबर. हँग झालेला, स्वतःचं काहीही साठवून न ठेवणारा कंटेनर असेल तर खुशाल वापरा. डेटाबेसवर मात्र नको. पोस्टग्रेससारखी हुशार मंडळी पुढच्या वेळी सुरू होताना आपली नोंदवही वाचून सावरतात, पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या, एका फाइलमध्ये डेटा ओतणाऱ्या स्क्रिप्टला ती अक्कल कुठून येणार? मला वैताग याचाच येतो की ऑफिसात सीनियर लोक नवीन पोरांना पहिल्याच दिवशी 'किल' शिकवतात, कारण ते फास्ट आहे. दहा सेकंद वाचवून कुठे जायचंय यांना? चहाला!

कोण कसा गेला हे नंतर कळतं. 'डॉकर पीएस डॅश ए'मध्ये 'एक्झिटेड' या शब्दापुढे कंसात आकडा असतो. शून्य म्हणजे सगळं आलबेल, स्वतः आवरून गेला. १४३ म्हणजे १२८ अधिक १५, सिगटर्मने संपला. १३७ म्हणजे १२८ अधिक ९, नऊ नंबरने उडवला. तुम्ही नुसतं 'स्टॉप' केलं असेल आणि तरी दरवेळी १३७ दिसत असेल तर समजा, तुमच्या घरी कुंभकर्ण आहे. मात्र तुम्ही काहीच केलं नसताना १३७ दिसला तर मेमरी संपल्यामुळे कर्नलनेच त्याला उडवलं असण्याची शक्यता मोठी. 'डॉकर इन्स्पेक्ट'मध्ये 'ओओएमकिल्ड'पुढे ट्रू दिसलं की शंका फिटली.

भुतासारखे परत येणारे

शुक्रवारी संध्याकाळी थांबवला, सोमवारी लॅपटॉप चालू केला तर पठ्ठ्या हजर! भुताटकी नाही, रीस्टार्ट पॉलिसी. सुरू करताना 'डॅश डॅश रीस्टार्ट ऑलवेज' लावलं असेल तर तुम्ही थांबवल्यावर तो तेवढ्यापुरता थांबतो, पण डॉकर पुन्हा सुरू झाला की त्याच्याबरोबर हाही उठतो. 'अनलेस स्टॉप्ड' लावलं असेल तर तुम्ही थांबवल्याचं तो लक्षात ठेवतो आणि गप पडून राहतो. नावातच आहे सगळं, पण इंटरनेटवरून कॉपी-पेस्ट करताना वाचतंय कोण! आधीच चालू असलेल्याची सवय मोडायची असेल तर 'डॉकर अपडेट डॅश डॅश रीस्टार्ट इक्वल टू नो' आणि पुढे नाव.

सगळेच एकदम थांबवायचे असतील तर आमच्या फ्लॅटची फेव्हरिट कमांड. 'डॉकर स्टॉप', स्पेस, डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून कंसात 'डॉकर पीएस डॅश क्यू'. कंसातली कमांड चालू असलेल्यांचे फक्त आयडी काढते आणि बाहेरची ते सगळे थांबवते. मॅक, लिनक्स आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये चालेल, विंडोजच्या जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये नाही. एकही कंटेनर चालू नसेल तर डॉकर 'निदान एक नाव तरी द्या' अशी कुरकुर करतो, घाबरू नका. पण घाबरायची एक जागा आहे. ही कमांड तुमच्या लॅपटॉपवर द्या. चौघांच्या शेअर्ड सर्व्हरवर दिलीत तर बाकीच्या तिघांचे कंटेनरही गेले, आणि मग शुक्रवारची पार्टी तुमच्याकडून. तिथे 'पीएस'ला फिल्टर लावून नावाने निवडा. त्यातही नावाचा तुकडा जुळला तरी तो पकडतो, म्हणजे 'शॉप' म्हटलं तर 'शॉप-डीबी'ही गेला. आधी नुसती यादी काढून बघा, मग थांबवा.

थांबवणं वेगळं, फेकणं वेगळं. 'स्टॉप' केलेला कंटेनर जागेवर असतो, आतला डेटा शाबूत, 'डॉकर स्टार्ट' म्हटलं की पुन्हा कामाला. 'डॉकर आरएम' केलं की तो गेला, आणि व्हॉल्यूममध्ये न ठेवता आतच लिहिलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. सुरू करतानाच 'डॅश डॅश आरएम' लावलं असेल तर नुसतं थांबवलं तरी तो स्वतःच स्वतःला पुसून टाकतो! कंपोजवाल्यांसाठी तर ही गोष्ट डबल महत्त्वाची. 'डॉकर कंपोज स्टॉप' थांबवतं. 'डॉकर कंपोज डाउन' थांबवून कंटेनर आणि नेटवर्कही काढून टाकतं, व्हॉल्यूम ठेवतं. आणि 'डाउन'पुढे 'डॅश व्ही' लिहिलंत तर व्हॉल्यूमही साफ. माझ्या दुसऱ्या रूममेटच्या टीममधल्या एकाने डेमोच्या आदल्या रात्री सवयीने तो 'डॅश व्ही' लावला. टेस्ट डेटा होता, पण दोन आठवडे बसून हाताने भरलेला. त्या रात्री आमच्या हॉलमध्ये चौघं जण पहाटेपर्यंत खोटी नावं आणि खोटे पत्ते टाइप करत बसले होते. मीही पन्नासेक भरले. मॅगी त्यांच्याकडून.

नुसता श्वास घ्यायला वेळ हवा असेल तर 'डॉकर पॉज' आहे. कंटेनर जागच्या जागी गोठतो, स्टॅच्यूच्या खेळासारखा, आणि 'अनपॉज' म्हटलं की जिथे होता तिथून पुढे. मेमरी मात्र अडवून ठेवतो, त्यामुळे पंख्याला आराम पण रॅमला नाही.

आणि जाता जाता खिशाचं. कंटेनर क्लाउडवरच्या भाड्याच्या मशीनवर असेल तर तो थांबवला म्हणून मीटर थांबत नाही, भाडं मशीनचं असतं. कंटेनर आवरून झाल्यावर त्या क्लाउड कंपनीच्या पानावर जाऊन मशीनही बंद करा. बंद मशीनच्या डिस्कचं भाडंही लागतंच, पण तुलनेने किरकोळ. डब्यावाल्या मित्राने दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कंटेनर थांबवून ठेवला होता, मशीन तसंच चालू. बिल काकूंनी उघडलं.